ओसूमध्ये मिस होतो तो एममुळे की रीडिंगमुळे, ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा होता: ओसू स्टँडर्ड खेळतो (गाण्याच्या तालावर स्क्रीनवरच्या सर्कलवर कर्सर नेऊन क्लिक करायचा गेम), पेन टॅबलेट आहे, साडेपाच स्टारपर्यंतचे (स्टार म्हणजे अवघडपणाचं माप) जंप मॅप, म्हणजे लांब लांब सर्कलवर उड्या मारायला लावणारी गाणी, एआर ९.३ ला (सर्कल किती आधी दिसतो त्याचा आकडा, खाली सांगतो) आरामात जातात, पण एआर ८ चा जुना साडेचार स्टारचा मॅप लावला की मधेच कर्सर कुठेतरी भरकटतो, आणि एचडी (हिडन, सर्कल मारायच्या आधीच गायब करणारा मोड) लावलं की विचारूच नका. मित्र म्हणतोय तुझा एम (कर्सर नेमका सर्कलवर नेणं) कच्चा आहे, शूटर गेमवाले वापरतात तसला एम ट्रेनर रोज अर्धा तास कर. करू का?

नको करूस. म्हणजे केलास तर बिघडणार काही नाही, पण तुझ्या दुखण्याचं औषध ते नाही. जो माणूस साडेपाच स्टारचे जंप मारतो त्याचा हात साडेचार स्टारच्या अंतरांना पुरत नाही हे पटण्यासारखंच नाहीये. हात तोच, टॅबलेट तोच, अंतरं उलट कमी झालीयेत, मग बदललं काय? स्क्रीनवर एका वेळी किती गोष्टी दिसतायत ते बदललं. मी बरीच वर्षं खेळतोय आणि टीममधल्या पोरांचे रिप्ले बसून बघणं हे टूर्नामेंटच्या दिवसांत माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे अनुभवावरून सांगतो, "एम गंडला" म्हणून जे मिस माझ्याकडे येतात त्यातले बरेचसे हाताचे नसतातच. आणि उलटही होतं बरं का, "मला रीडिंग जमत नाही" (म्हणजे पुढचा सर्कल कुठला ते कळत नाही) म्हणणाऱ्याचा हात खरं तर सर्कलच्या कडेवरून घसरत असतो.

आधी आकडे घेऊ, त्याशिवाय नुसतं हवेत बोलणं होतं. एआर म्हणजे सर्कल दिसायला लागल्यापासून तो मारायच्या क्षणापर्यंतचा वेळ. एआर ५ ला हा वेळ १२०० मिलिसेकंद असतो आणि तिथून पुढे प्रत्येक एका एआरमागे १५० ने कमी होत जातो. म्हणजे एआर ८ ला ७५०, एआर ९ ला ६००, तुझ्या लाडक्या ९.३ ला ५५५, एआर १० ला ४५०. आता १८० बीपीएमचा (मिनिटाला १८० ठोके) मॅप घे, त्यात अर्ध्या बीटचे जंप १६७ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. ५५५ भागिले १६७ म्हणजे स्क्रीनवर एका वेळी साधारण सव्वातीन सर्कल. एआर ८ ला तेच साडेचार. मधे पाव बीटचा स्ट्रीम (सलग पटापट येणारे सर्कल) आला तर एआर ८ ला नऊ. सव्वातीन वस्तूंमधून पुढची कुठली ते शोधणं आणि नऊमधून शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, हात दोन्हीकडे एकाच वेगाने हलत असला तरी.

म्हणूनच "एआर कमी म्हणजे सोपं, जास्त वेळ मिळतो ना" हे नवीन पोरांचं गणित चुकतं. वेळ जास्त मिळतो पण त्या वेळात गर्दी पण जास्त होते. आणि वरच्या टोकाला उलटी तऱ्हा. एआर ९ च्या मॅपला डीटी (डबल टाइम, गाणं दीडपट वेगाने) लावलं की ६०० चे ४०० होतात, म्हणजे एआर १०.३३, आणि एआर १० ला डीटी लावलं तर फक्त ३०० मिलिसेकंद, ज्याला आपण एआर ११ म्हणतो. तिथे गर्दी नसतेच, दोन-तीन सर्कल असतात, पण दिसलं की लगेच हात निघायला हवा. ह्या दोन्हीला लोक "रीडिंग"च म्हणतात आणि तिथूनच अर्धा घोळ सुरू होतो, कारण एआर ११ वाचणारा माणूस एआर ८ ला आडवा पडलेला मी पाहिलाय आणि ईझी मोडवर, म्हणजे एआर निम्मा करून, जगणारे लोक एआर १०.३३ ला दोन कॉम्बोत संपलेले पण पाहिलेत. एक गर्दीतून क्रम लावण्याचं काम, दुसरं झटकन ठरवण्याचं. तुझा प्रश्न पहिल्याचा आहे.

आता रिप्लेकडे ये, खरी गोष्ट तिथे दिसते. एक नमुना डोळ्यासमोर आण. चार सर्कलचा चौकोन, १-२-३-४, आणि पाचवा सर्कल परत दोनच्याच जागेवर. ओसूमध्ये आधी मारायचा सर्कल वर काढला जातो आणि नंतरचा त्याच्या खाली जातो, त्यामुळे तू एकवर असताना पाच हा दोनच्या खाली दबलेला असतो, त्याचा आकडा दिसत नाही, स्टॅकिंगमुळे (एकाच जागचे सर्कल गेम जरा सरकवून रचतो) जेमतेम तीन-चार पिक्सेल सरकलेला असतो तेवढंच, आणि बाहेर एक मोठी अप्रोच रिंग (मारायच्या क्षणापर्यंत आक्रसत येणारं कडं) दिसते जी दोनची की पाचची हे कळायला मार्ग नाही. जो वाचू शकला त्याचा कर्सर चारवरून सरळ दोनच्या जागेकडे निघतो. जो वाचू शकला नाही त्याचा कर्सर चारवर किंचित थबकतो, मग सवयीने एकच्या दिशेने कलतो, कारण चौकोन पूर्ण होणार असंच त्याच्या डोक्याने धरलेलं असतं, आणि मग हुकसारखा वळून दोनकडे धावतो. क्लिक मात्र गाण्याबरोबर वेळेवर झालेला असतो, फक्त त्या वेळी कर्सर वाटेत असतो. स्क्रीनवर दिसतं काय? मिस, आणि कर्सर सर्कलपासून लांब. खेळणारा म्हणतो एम गेला. अरे एम कुठे गेला, हात गेला तिथे बरोबरच गेला, त्याला पत्ता चुकीचा मिळाला होता.

एमच्या मिसचा आकार वेगळा असतो. कर्सर वेळेवर निघतो, दिशा बरोबर असते, रेघ सरळ असते, पण सर्कलच्या अलीकडे थांबतो किंवा पलीकडे निघून जातो, आणि बहुतेक वेळा हे एकाच प्रकारच्या हालचालीत परत परत होतं. कुणाचं उभ्या लांब जंपला, कुणाचं उजवीकडून डावीकडे येताना, कुणाचं अरुंद कोनात. रीडिंगच्या मिसमध्ये उशीर आणि वळण असतं, एमच्या मिसमध्ये वेळ बरोबर आणि अंतर चुकीचं असतं. तिसरा प्रकार बोटांचा, कर्सर सर्कलच्या मधोमध आणि क्लिकच लवकर किंवा उशिरा, किंवा स्ट्रीममध्ये एक क्लिक जास्तीचा पडून पुढचं सगळं एकाने सरकलेलं. हा तिसरा लोक विसरतातच आणि एम-रीडिंगच्या भांडणात ह्याचं पाप दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारतात. लेझरमध्ये (ओसूची नवी आवृत्ती) रिप्ले हळू करून बघता येतो आणि कर्सरचा मार्ग, क्लिकच्या खुणा दाखवायची सोय पण आहे, तर ती चालू कर आणि तुझ्या त्या एआर ८ च्या मॅपचे मिस एकेक करून बघ. पैज लावतो, बरेचसे हुकवाले निघतील.

रिप्ले बघूनही खात्री होत नसेल तर मग चाचण्या. इथे एक तत्त्व पाळायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि इथेच सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला फसवा आहे: "हाफ टाइम लावून बघ, जमलं तर तुझा एम स्लो आहे." एचटीने गाणं ०.७५ पट होतं, म्हणजे एआर ९ चे ६०० मिलिसेकंद ८०० होतात, आणि १६७ चं अंतर २२२ होतं. भागाकार कर, दोन्हीकडे ३.६ येतं. स्क्रीनवरची गर्दी होती तेवढीच राहिली, चित्र तेच, फक्त सगळं सावकाश. त्यात हातालाही जास्त वेळ मिळाला आणि डोक्यालाही. मग एचटीवर मॅप जमला ह्यावरून कळलं काय? काहीच नाही. दोन्ही संशयितांना एकदम सोडून दिलं की चोर कोण ते कसं कळणार. डीटीचं पण तेच, गर्दी तीच, घाई दोघांना.

त्यापेक्षा लेझरमधला डिफिकल्टी ॲडजस्ट मोड घे, त्यात एआर आणि सीएस (सर्कलचा आकार, आकडा वाढला की सर्कल बारीक) वेगवेगळे हलवता येतात. तो एआर ८ चा मॅप आहे ना, त्याचा फक्त एआर ९ कर, बाकी कशाला हात लावू नकोस. अंतरं तीच, वेग तोच, हाताचं काम तंतोतंत तेच. मिस एकदम ओसरले तर हाताचा प्रश्न नव्हता. नंतर एआर मूळचा ठेव आणि सीएस अर्ध्या आकड्याने बदल. सीएस ४ ला सर्कलचा व्यास ओसूच्या पिक्सेलमध्ये जवळपास ७३ असतो (खेळायचं मैदान ५१२ बाय ३८४ चं असतं त्या हिशोबाने), ४.५ ला साडेअडुसष्ट, ५ ला ६४. सर्कल बारीक केल्यावर मिस धडाधड वाढले तर हात कडेकडेनेच चालला होता असं समज. एक अडचण आहे, सर्कल मोठे केले की ते एकमेकांवर जास्त चढतात, म्हणून चाचणी बारीक करण्याच्या दिशेने कर, मोठे करून नको, नाहीतर एम सोपा झाला आणि रीडिंग अवघड झालं आणि परत गोंधळ.

रिलॅक्स मोड पण लावून बघ. त्यात क्लिक करावंच लागत नाही, कर्सर नेला की झालं. रिलॅक्समध्ये पण तिथेच भरकटतोयस तर बोटं निर्दोष सुटली. ह्याला पीपी (रँकिंगचे पॉइंट) मिळत नाही म्हणून लोक हात लावत नाहीत.

आणि माझी सगळ्यात आवडती चाचणी म्हणजे मिरर. तुझा एखादा असा मॅप घे जो तुला "येतो". तो मिरर मोड लावून आडवा उलटा कर. एआर तोच, सीएस तोच, अंतरं तीच, फक्त डावं उजवं झालं. आता किती मिस येतात बघ. हात काही डाव्या-उजव्या दोन्हीकडे अगदी सारखा नसतो, थोडा फरक पडणारच, पण जर मॅप ओळखू येईनासा झाला तर तो मॅप तू वाचत नव्हतासच, पाठ केला होतास.

ह्या पाठांतराबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. क्विक रीट्रायचं बटण. पहिल्या वीस सेकंदांत कॉम्बो (न चुकता सलग मारलेल्यांची मालिका) तुटला की रीट्राय, परत तुटला की रीट्राय. असं खेळून एम सुधारतो, खरंच सुधारतो, कारण तीच हालचाल परत परत होते आणि हाताला हेच हवं असतं. पण रीडिंगचं काय होतं? पहिल्या खेपेला तू जे वाचलंस ते वाचलंस, दुसऱ्यापासून तू आठवतोयस. तिथे पाचवा सर्कल दोनच्या खाली आहे हे तुला आता माहितीये, डोळ्यांनी शोधायची गरजच उरली नाही. म्हणजे एकाच बसण्यात हाताचा व्यायाम झाला आणि डोळ्यांची सुट्टी. असे सहा महिने गेले की माणूस तुझ्यासारखा होतो, ओळखीच्या मॅपवर साडेपाच स्टार आणि अनोळखी मॅपवर चार. पीपीच्या मॅपनी ह्याला अजून खतपाणी घातलं, कारण ते मॅप एकमेकांसारखेच असतात, तेच त्रिकोण, तेच चौकोन, तेच पुढे-मागे, एआर नऊच्या आसपास ज्यात गर्दी अजिबात होत नाही. पीपीच्या हिशोबातही बरीच वर्षं एम, स्पीड, अॅक्युरसी असे वेगळे कप्पे होते आणि रीडिंग म्हणजे त्यांच्यावर फोडणी दिल्यासारखा थोडा बोनस. ज्याला मार्क नाहीत त्याचा अभ्यास कोण करतंय.

बुद्धिबळातला एक जुना प्रयोग आठवतो, चेस आणि सायमन ह्यांचा १९७३ चा. तरबेज खेळाडूला खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर तो बरीचशी जशीच्या तशी परत मांडतो, पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की तो जवळजवळ नवख्याच्या पातळीवर येतो. नजर तीच, स्मरणशक्ती तीच, फक्त ओळखीचे तुकडे नाहीत. ओसूत रीडिंग म्हणतात ते बऱ्याच अंशी हेच आहे. तू पाच सर्कल सुटे वाचत नाहीस, "त्रिकोण आणि परत" असा एक तुकडा वाचतोस. तुझ्याकडचे तुकडे सगळे आजकालच्या जंप मॅपमधले आहेत. २००८-०९ च्या मॅपरची मांडणीच वेगळी, स्लायडरच्या (कर्सर धरून ओढत न्यायची पट्टी) शेपटाखाली सर्कल लपवणं, स्टॅकमधून एकदम बाहेर उडी, अंतर सारखं पण ताल वेगळा, असलं सगळं. तिथे तुझे तुकडे चालत नाहीत म्हणून तू सुटं सुटं वाचायला लागतोस आणि नऊ सर्कल सुटे वाचायला वेळ पुरणारच नाही.

मग शुद्ध एम म्हणजे काय उरतं? ह्यावर पण थोडं, कारण एम ट्रेनरचा सल्ला का बसत नाही ते इथे कळतं. वुडवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच मांडून ठेवलंय की हाताच्या नेमक्या हालचालीचे दोन भाग असतात, आधी एक ठरवून मारलेला झटका आणि मग शेवटी डोळ्यांनी बघून केलेली बारीक दुरुस्ती. शूटरमध्ये शत्रू दिसला, झटका मारला, क्रॉसहेअर जरा चुकला, दुरुस्त केला, मग क्लिक. क्लिक कधी करायचा हे तुझ्या हातात. ओसूत क्लिकची वेळ गाण्याने ठरवलेली आहे, १६७ मिलिसेकंदांत पुढच्या सर्कलवर असायलाच हवं, आणि डोळ्यांनी बघून दुरुस्ती करायलाच शंभर-सव्वाशे मिलिसेकंद जातात, मग दुरुस्तीला जागा उरली कुठे. फिट्सचा १९५४ चा नियम (अंतर आणि लक्ष्याचा आकार ह्यांवरून हालचालीचा अवघडपणा बिटांत मोजणारा) लावून बघितलं तर अजून गंमत. ३०० पिक्सेलचा जंप, ७३ चा सर्कल, हिशोब केला की तीन बिटांची हालचाल निघते, आणि ती १६७ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला अठरा बिट. माउसने बटणं दाबायच्या साध्या चाचण्यांत माणसं चार-पाच बिटांच्या आसपास असतात. तू काही माणसापेक्षा चौपट वगैरे नाहीयेस, तर तू थांबतच नाहीस. ओसूतला जंप म्हणजे नेम धरून थांबणं नसून लयीत झुलणं आहे, कर्सर सर्कलवरून जात असताना क्लिक पडतो आणि पुढचा झोका आधीच ठरलेला असतो. आणि तो आधी ठरायचा असेल तर पुढचा सर्कल कुठला हे आधी कळायला हवं. म्हणजे रीडिंग उशिरा झालं की पहिला बळी एमचाच जातो. दोन्ही इतके गुंतलेले का वाटतात त्याचं कारण हे.

ह्यात मूळ डिझाइनचाही हात आहे. ओसू पेपीने, म्हणजे डीन हर्बर्टने, २००७ मध्ये काढलं ते निन्टेन्डो डीएसवरच्या २००५ च्या ओएंदान ह्या गेमवरून. तिथे स्टायलस थेट सर्कलवरच टेकवायचा, डोळा आणि हात एकाच जागी. पीसीवर आल्यावर हात टेबलवर आणि नजर स्क्रीनवर, मधे कर्सर नावाचा दलाल आला. त्या दलालाकडे बघत बसायची सवय खूप जणांना लागते. कर्सर बघायचा नाही, गाडी चालवताना हँडलकडे बघतो का आपण? नजर पुढच्या-पुढच्या सर्कलवर पाहिजे आणि कर्सर नजरेच्या कडेला जाणवला पाहिजे, बस. भला मोठा चमकणारा कर्सर आणि लांबच लांब ट्रेल लावणाऱ्यांना मी पहिल्यांदा तोच काढायला सांगतो, हात लपवायला नाही तर नजर सोडवायला.

दुसरीकडे बीटमॅनिया आयआयडीएक्स हा म्युझिक गेम बघ. सात बटणं आणि एक डिस्क, नोट वरून खाली येतात, जागा ठरलेल्या. तिथे ओसूच्या अर्थाने एम नाहीच, हात कुठे न्यायचा हा प्रश्नच नाही. तरी ते लोक रीडिंगसाठी जिवाचं रान करतात, नोट दिसण्याचा वेळ हिरव्या आकड्याने मोजतात, ३०० म्हणजे अर्धा सेकंद, आणि अनेक जण त्याच्याच आसपास असतात, अगदी दोन-चार आकड्यांनी इकडेतिकडे करत बसतात. गाण्याचा वेग काहीही असो, दिसण्याचा वेळ सारखा. ओसूत ती मुभा नाही, एआर मॅपर ठरवतो, म्हणून आपल्याला एकाच वेळी अनेक एआरची सवय ठेवावी लागते. एआर ९.३ वरच सगळं आयुष्य काढलं तर ८ ला आणि १०.३३ ला दोन्हीकडे आपण परके.

तर करायचं काय. रीडिंगसाठी नियम एकच आणि तो बोअरिंग आहे: अनोळखी मॅप, एकदाच, पूर्ण, रीट्राय बंद. नो फेल लाव, कॉम्बो तुटला तर तुटला, शेवटपर्यंत जा, पुढचा मॅप. स्टार तुझ्या पातळीपेक्षा एक-दीड कमी ठेव म्हणजे हात आरामात राहील आणि चूक झाली तर ती वाचण्याचीच असेल. जुन्या रँक्ड मॅपचे पॅक डाउनलोड करून ठेव, २००९-१० च्या आसपासचे, एआर ७-८ चे. पहिले काही दिवस चिडचिड होईल कारण रँकिंगमध्ये काही हलणार नाही. गाणं ऐक हे पण सांगतो, कारण कमी एआरला अप्रोच रिंगवरून वेळ काढायला गेलास तर नऊ रिंगांमध्ये हरवशील, वेळ कानाने घ्यायची आणि डोळ्यांनी फक्त क्रम.

ईझी मोड लोक सुचवतात तो लगेच नको. एआर ९ चा ४.५ होतो म्हणजे १२६० मिलिसेकंद, सीएस ४ चा २ होतो म्हणजे सर्कल ९१ पिक्सेलचे, म्हणजे गर्दी दुप्पटच्या वर आणि वरून प्रत्येक जण फुगलेला. ज्याला साडेचार सर्कलमध्ये क्रम लागत नाहीये त्याला एकदम साडेसात द्यायचे? डिफिकल्टी ॲडजस्टने ९ वरून ८.७, मग ८.४, असं उतरत ये, प्रत्येक पायरीवर अंतर सोपं ठेव. ईझी नंतर गंमत म्हणून खेळ, तीन स्टारला.

आणि एमवर काम करायचंच असेल तर नेमकं उलटं वाग, पाठ असलेला मॅप, आवडता एआर, आणि फक्त तीच हालचाल जी रिप्लेमध्ये कमी पडताना दिसली. तिथे रीट्राय चालतो. दोन्ही एकाच बसण्यात एकाच मॅपवर साधायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

एचडीचं वेगळं सांगतो. एचडीत अप्रोच रिंग जाते आणि सर्कल मारायच्या आधीच विरून जातो, दिसण्याच्या एकूण वेळातला शेवटचा तीस टक्के वेळ तो दिसतच नाही. एआर ९ ला म्हणजे शेवटचे १८० मिलिसेकंद, एआर ८ ला २२५. आता १८० बीपीएमच्या जंपला १६७ चं अंतर धरलं तर एआर ८ ला तू आत्ता जो सर्कल मारतोयस तोही नाही आणि पुढचाही गेलेला, दिसतायत ते त्याच्या पुढचे. म्हणजे हात कायम आठवणीवर चालतो, एक-दीड सर्कल मागे. गंमत म्हणजे ह्याच कारणाने काही लोकांना एचडी सोपं जातं, कारण स्क्रीन साफ राहते, दबलेल्या सर्कलवरचा वरचा पडदा लवकर उठतो, त्या चौकोनातला पाचवा लवकर उघडा पडतो. तू आत्ता दोन गोष्टी एकदम शिकायला जाऊ नकोस. आधी एआर ८ नोमोडवर (कुठलाही मोड न लावता) रुळू दे, मग एआर ९ च्या सोप्या मॅपवर एचडी, आणि कमी एआर अधिक एचडी हे जोडकाम सगळ्यात शेवटी. टूर्नामेंटच्या पूलमध्ये (मॅपच्या यादीत) नोमोड, एचडी, एचआर (हार्ड रॉक), डीटी असे वेगळे गट असतात ते उगाच नाही, टीममध्ये एचडीवाला वेगळाच गडी असतो आणि तो बऱ्याचदा टीममधला सगळ्यात चांगला एमवाला नसतो.

सामानाबद्दल विचारलं नाहीयेस तरी सांगतो कारण पुढचा प्रश्न तोच येणार. टॅबलेटचा एरिया (पेन फिरवायला वापरायचा भाग) बदलून रीडिंग सुधारणार नाही. वॅकॉमचा तो छोटा स्वस्तातला, १५२ बाय ९५ मिलिमीटरचा, पुष्कळ झाला, आणि एरिया एकदा ठरवला की निदान महिनाभर हात लावू नकोस. ६० हर्ट्झच्या लॅपटॉपवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १४४ ला ७. एआर १०.३३ खेळणाऱ्याला हा फरक जाणवतो, ३०० मिलिसेकंदवाल्याला तर पैसे खर्च करण्याइतका जाणवतो. एआर ८ ला साडेसातशे मिलिसेकंद हातात असताना मॉनिटरला दोष देऊ नकोस. स्किनमध्ये (सर्कल, कर्सर कसे दिसतील ती सजावट) आकडे ठळक कर, कॉम्बोचे रंग एकमेकांपासून लांबचे ठेव (निळा आणि जांभळा शेजारी ठेवणाऱ्यांना काय म्हणावं), बॅकग्राउंड डिम शंभर टक्के कर, व्हिडिओ बंद. फॉलो पॉइंट, म्हणजे एका सर्कलकडून पुढच्याकडे जाणारे ते ठिपके, बऱ्याच स्किनमध्ये काढून टाकलेले असतात कारण दिसायला स्वच्छ वाटतं. कमी एआर शिकत असशील तर ते परत आण. क्रम कुठून कुठे जातो हे सांगणारी तेवढी एकच खूण गेममध्ये फुकट मिळते. एआर ८ वर रुळलास की मग पाहिजे तर काढ.